सगळे चढलात का?

१

“...आणि ती गाडी घाट चढताना आत जितकी माणसं असतात ना, उतरताना तितकी—”

एवढंच माझ्या कानावर आलं. तेवढ्यात कपडे वाळवायच्या यंत्रानं भोंगा दिला. मार्व्हा चादरी काढायला वाकली, आणि वर बघते तो लॉन्ड्रीच्या दारात मी, टोपली कमरेला लावून उभी.

“तितकी काय?” मी विचारलं.

“कुठं काय,” मार्व्हा म्हणाली. तिच्याशेजारी उभी असलेली पेगी लगेच टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. घडी घातलेलेच टॉवेल उलगडून ती पुन्हा घालत होती.

मी पुष्कळ खोदून पाहिलं. आमच्या ट्रेलर पार्कात मला ‘बर्नी बातमीपत्र’ म्हणतात, तेही तोंडावर. मला त्याचा राग येत नाही. एकानं शिंकावं आणि पलीकडच्यानं आपल्या पलंगावरून ‘जपा हो’ म्हणावं इतके आमचे ट्रेलर जवळजवळ. अशा ठिकाणी शेजाऱ्याची चौकशी करायची नाही तर करायचं काय? पण त्या दिवशी मार्व्हा बधली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, “अ‍ॅल्मा तुझी मैत्रीण ना? मग तिला सांग, नदीकाठच्या रस्त्यानं जा म्हणावं.”

नदीकाठचा रस्ता उन्हाळ्याआधीच्या पुरात पुलासकट वाहून गेला होता. मार्व्हाला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे. आता पलीकडं जायचं तर एकच वाट, टॅमरॅक घाट.

२

अ‍ॅल्मा माझ्या शेजारच्या जागेत राहते. तिचा नवरा आयव्हर गेला त्याला दोन हिवाळे झाले. त्या दोघांची सगळी हौस घरगाडीची. मागं पलंग, मधे चूल, पुढं चाकं. त्यांची गाडी आयव्हरच्या दुखण्यात विकली गेली. यंदा बर्फ वितळल्यावर अ‍ॅल्मानं दुसरी घेतली. तीही जुनीच, माझ्या शाळेच्या दिवसांतली, पावाच्या लादीसारखी चौकोनी, कुणाच्या तरी कोठारामागं गवतात उभी असलेली. ऑटोमॅटिक गिअर, तेही तीनच.

असल्या वजनदार म्हाताऱ्या गाड्यांचं इंजिन सहसा मरत नाही. मरतो तो गिअरबॉक्स. सपाटीवर त्याची काही तक्रार नसते. चढ लागला की मात्र त्याचं ठरत नाही, दुसरा धरू की तिसरा. या वरखालीत आतलं लाल तेल तापून तपकिरी होतं, करपलेल्या टोस्टचा वास सुटतो, आणि मग एखाद्या वळणावर इंजिन नुसतं बोंबलत राहतं, चाकं हलत नाहीत. आमच्या भागात लग्न ठरवताना मुलाची चौकशी करत नसतील इतकी लोक गाडी घेताना गिअरबॉक्सची करतात.

अ‍ॅल्माला ही गाडी हवी होती ती लेकीसाठी. सिग्ने घाटापलीकडं राहते. उशिरानं दिवस गेलेले, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून बजावलेलं, आणि नवरा उत्तरेला मासेमारीच्या बोटीवर, नाताळाशिवाय येत नाही. तिच्या घरात दुसरा पलंग मावत नाही. म्हणून अ‍ॅल्मा गाडी तिच्या अंगणात उभी करून हिवाळाभर तिथंच राहणार होती. बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं. नाहीतर ती पोर एकटी.

तर रोज सकाळी मी कॉफीचा मग घेऊन पायरीवर बसायची आणि अ‍ॅल्मा गाडी गरम करून पार्काला एक फेरी मारायची. गॅसच्या टाकीपाशी एक उंचवटा आहे. उंचवटा कसला, रस्त्यानं जरा पाठ वर केलेली. गाडी तो दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडायची, आवाजसुद्धा बदलायचा नाही. पण टॅमरॅकच्या झाडांची सुयांसारखी पानं पिवळी पडायला लागली त्या सुमारास एका सकाळी ती तिथं धाडकन पहिल्यात उतरली. इंजिन कण्हलं. मागचा भाग असा दबला की जणू पलंगावर कुणी जडशीळ माणूस बसलंय.

गाडी तर रिकामी होती. पाण्याची टाकीसुद्धा भरलेली नव्हती.

मग काही सकाळी तसं व्हायचं, काही सकाळी नाही. मी आपली कारणं शोधत बसले. थंडी असेल, तेल घट्ट झालं असेल, अ‍ॅल्माचा पाय जड पडत असेल. शेवटी लक्षात आलं, आणि आलं ते मला आवडलं नाही.

घरगाडीवाल्यांची एक रीत असते. इंजिनाच्या घरघरीत मागचं माणूस काय बोलतंय ते पुढं ऐकू येत नाही. म्हणून निघताना चालवणारा ओरडतो, “सगळे चढलात का?” आणि मागचा लाकडावर दोनदा ठोकतो. ठक् ठक्, की निघायचं. आयव्हरची कंबर गेलेली, तो नेहमी मागं पलंगावर आडवा, त्यामुळं त्या दोघांचं हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्याची ठोक मी माझ्या ओट्याशी उभी राहून ऐकलेली आहे. आधी अंगठी वाजायची, मग हाड.

अजूनही कधीकधी अ‍ॅल्माच्या तोंडून ते निघून जायचं. रिकाम्या गाडीत मान वळवून, “सगळे चढलात का?” मग स्वतःशीच हसायची, डोळे पुसायची आणि निघायची.

त्याच सकाळी गाडी जड व्हायची.

३

मी लाइलला गाठलं. लाइलचा सगळा जन्म लाकडाच्या ट्रकांखाली उताणं पडून गेला. या गाडीचा गिअरबॉक्सही त्यानंच खोलून नवीन केला होता.

“उत्तम आहे,” तो म्हणाला. “तेल बघ, चेरीच्या सरबतासारखं. हवं तर पी.”

“तूच पी. मग त्या एवढ्याशा उंचवट्यावर पहिल्यात का उतरतो?”

“ऑटोमॅटिक गिअर बिनडोक असतो गं बर्नी. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याला फक्त ओझं कळतं. ओझं वाढलं की खाली उतरतो.”

“अरे, पण गाडीत कुणी नसतं!”

“मग अ‍ॅल्मा जाड झाली असेल. तुझी कॅसरोल खाऊन.”

“लाइल, लोक म्हणतायत त्या गाडीतून घाट उतरताना माणूस कमी होतं.” हे निम्मं माझ्या पदरचं होतं, पण दुसऱ्याचं तोंड उघडायचं तर आपण थोडं घालावं लागतं.

तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. बोटं स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

“लोकांना काय,” शेवटी म्हणाला. “आधीचा मालक हॉलिस. बायको मेरिट मागं झोपलेली. माथ्यावर गिअरबॉक्स थंड करायला थांबला, तेव्हा ती झाडीत जाऊन येते म्हणून उतरली. ह्याला पत्ताच नाही. निघताना ह्यानं हाक मारली. मागून दोनदा ठोकलं. हा निघाला. खाली येऊन बघतो तर पलंग रिकामा.”

“देवा! मग मेरिट?”

“मेरिटला काय धाड भरलीय? वर कुडकुडत उभी होती, एका ट्रकवाल्यानं आणली. बहिणीकडं राहते, केकबिक करते. फक्त त्या गाडीत पुन्हा बसली नाही. हॉलिसकडंही परत गेली नाही.”

“मग ठोकलं कुणी?”

“जुनी गाडी आहे. कपाटाचं दार असेल.” असं म्हणून लाइल दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीखाली शिरला.

मी सगळं अ‍ॅल्माला सांगितलं. ती जॅमच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“मग काय करू? लेकीला सांगू, लॉन्ड्रीतल्या बायका नको म्हणाल्या म्हणून आले नाही?”

“माझ्या पिकअपनं चल.”

“आणि हिवाळाभर झोपू कुठं? पिकअपच्या हौद्यात?”

“मग मीही येते. परत येताना बसनं येईन. पण माथ्यावर ती हाक मारायची नाही. आपण दोघीही पुढं बसणार.”

“अगं, दोघीही पुढं म्हटल्यावर विचारणार कुणाला?” ती हसली आणि लेकीला फोनवर म्हणाली, “सिग्ने, आम्ही दोघी येतोय. हो, बर्नीपण. नाही गं, बडबडते, पण मनानं चांगली आहे.”

४

शनिवारी सकाळी निघालो. आभाळ भांड्याच्या बुडासारखं. घाटाच्या पायथ्याशी अ‍ॅल्मानं गिअरची दांडी दुसऱ्यावर आणून ठेवली, म्हणजे गिअरबॉक्सला विचार करायचं काम नाही. डॅशबोर्डखाली लाइलनं तेलाच्या उष्णतेचा काटा बसवून दिला होता. माझं काम त्यावर नजर ठेवायचं.

घाट चढणाऱ्या घरगाडीत पुढं बसलं की पाठीमागं आपलं सगळं घर चालत येतंय असं वाटतं. चमचे किणकिणतात, सिंकमध्ये काहीतरी गडगडतं, मागच्या खोलीचा पडदा कडीवर सरकून पुन्हा सरकतो. चुलीवरच्या कपाटाची खिट्टी मोडकी होती. वीतभर रुंदीचं कपाट, आत नुसते कप. दर डाव्या वळणाला त्याचं दार उघडून धाडकन आपटायचं. पहिल्यांदा मी जागच्या जागी उडाले.

“हे बघ तुझं भूत,” अ‍ॅल्मा म्हणाली.

मलाही हसू आलं. मेरिटच्या दिवशी हेच आपटलं असणार. हॉलिसला दोनदा ऐकू आलं असेल, झालं. माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला टपलेलंच असतं. लाइल बरोबर बोलला. मी थर्मासमधली कॉफी ओतली आणि प्रत्येक धाडकनला “आत या, आत या” म्हणायला लागले. अ‍ॅल्मा म्हणाली, “गप गं, रस्त्याकडं बघू दे.”

काटा चढत होता, पण लाल पट्ट्याच्या अलीकडं होता. बाहेर अर्धा बर्फ, अर्धं पाणी असा चिकट पाऊस सुरू झाला. टॅमरॅकच्या पिवळ्या सुया काचेवर येऊन चिकटत होत्या आणि वायपर त्या पुसण्याऐवजी नुसत्या पसरत होता. वर जाईपर्यंत दुसरी गाडी दिसली नाही.

गिअरबॉक्स एकदाही चुकला नाही. मनात म्हटलं, दोघींचंच ओझं आहे. त्याला कळतंय.

५

माथ्यावर गाड्या थांबवायला मोकळी जागा आहे. संडासांना हिवाळ्याचं कुलूप लागलं होतं. तापलेला गिअरबॉक्स थंड करायचा तर इंजिन बंद करून चालत नाही. न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरून निवतं. आणि या गाडीचं तेल तपासायचं तेही इंजिन चालू असतानाच. हॅण्डब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून अ‍ॅल्मानं चाकाला लाकडी ठोकळा लावला, मला चालवायच्या जागेवर बसवलं आणि म्हणाली, “ब्रेकवरून पाय काढू नकोस. काही झालं तरी.”

ती पुढं जाऊन इंजिनाचं झाकण उघडून वाकली. काचेतून मला तिची लाल लोकरी टोपी तेवढी दिसत होती. डिपस्टिक पुसली, घातली, काढली, वास घेतला. मला अंगठा दाखवला. काटा हळूहळू उतरला. मला इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणायला लागले.

तिनं चाकाचा ठोकळा काढला, झाकण लावलं. आणि झाकणावर तळहातानं थाप मारून, इतक्या वर्षांत शेकडो वेळा ओरडली असेल तशीच, मोठ्यानं ओरडली, “सगळे चढलात का?”

काचेमागून मी मान हलवत होते, नको, नको. ती खाली बघून हात पुसत होती.

माझ्या मागं गाडी दबली.

दार उघडल्याचा आवाज नाही, थंड वारा आत आला नाही. फक्त पायरीच्या बाजूला गाडी कलली, सावरली आणि मागच्या अंगाला खाली बसली. वारा असेल, मी म्हटलं. समोरच्या झाडांवरची एक सुईसुद्धा हलत नव्हती. पायाखालचं ब्रेकचं पेडल सोडलं तर गाडी उतारावरून जाणार. वळायचं तर पाय सुटणार. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

आणि मागून दोनदा ठोकलं.

गाडी उभी होती. कपाट आपटायला वळण नव्हतं. आणि ती ठोक मऊ होती. अंगठी नाही, हाड नाही. ओल्या कणकेनं लाकडावर ठोकावं तशी.

अ‍ॅल्मा हसत हसत आत आली. “ठोकलंस हं! हाक मारायची नाही म्हणणारी तू, आणि—” तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. पायाकडं पाहिलं. तिथून मागच्या लाकडापर्यंतच्या अंतराकडं पाहिलं. तिचं हसू गेलं आणि त्या जागी जे आलं ते भीती नव्हती, हेच मला जास्त लागलं.

“आयव्हर?” ती हळूच म्हणाली.

“अ‍ॅल्मा, उतरू या. एखादा ट्रक येईपर्यंत थांबू.”

“बर्फ धरतंय, बर्नी. सिग्ने एकटी आहे.” तिनं मला बाजूच्या खुर्चीवर सरकवलं. “आणि तो आलाय तर त्याला मागं टाकून जाऊ?”

तो आयव्हर नाही, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण दोन हिवाळ्यांनी तिचा चेहरा उजळला होता. मी खुर्चीचा पट्टा लावून घेतला.

६

उतरणीवर गाडी धावायला लागली. दांडी दुसऱ्यावर होती, इंजिनानं गाडीला मागं ओढून धरायला हवं होतं. पण मागचं ओझं आम्हाला ढकलत होतं. अ‍ॅल्मानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. जळका वास आला.

“जड झालीय,” ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र संसारातला, रोजचा. “जड झालीय ना रे? तरी मी म्हणायची, लोणी कमी खा.”

“पहिल्यात टाक, अ‍ॅल्मा!”

तिनं दांडी ओढली. क्षणभर काहीच झालं नाही. इंजिन मोकळं सुटल्यासारखं वाटलं, दरी काचेत आली. मग खालून एक हिसका बसला, गिअर धरला, इंजिन किंचाळलं आणि गाडी अंग चोरून हळू झाली. लाइलनं बसवलेला एकेक दात त्या ओझ्याला धरून होता. बाकी सगळ्यावरचा माझा विश्वास उडाला, पण तो गिअरबॉक्स बेइमान झाला नाही.

एक डावं वळण गेलं. मग आणखी एक. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं.

कपाट आपटत नव्हतं.

वळायचं नाही असं ठरवूनच मी वळले. पडदा स्थिर होता. पलंगाची कड दिसत होती, त्यावर कुणी नव्हतं. चुलीवरचं कपाट बंद होतं, आणि दाराच्या कडेला चार बोटं होती. दार धरून ठेवलेली, आपण रोज वापरतो ते दार धरावं तितक्या सवयीनं.

ती बोटं बाहेरून धरलेली नव्हती. आतून आली होती.

मी पुढं वळले. अ‍ॅल्मा मागं ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगत होती की पाळणा कुठल्या भिंतीला लावायचा.

७

सिग्नेचं घर गावाबाहेर, रस्त्यालगत. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा दुपार असून घरात दिवा होता. ती दारात येऊन उभी राहिली, एक हात पोटावर. डॉक्टरांचं ऐकेल ती अ‍ॅल्माची लेक कसली.

“आई, लवकर आत या गं!” तिनं दार उघडं धरलं. पाऊस तोंडावर येत होता म्हणून मान आतल्या बाजूला वळवून उभी राहिली.

अ‍ॅल्मा पिशवी घेऊन भराभर गेली. गाडीचं दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं आणि जाता जाता मागं म्हणाली, “जपून हं, पायरी डुगडुगते.” ते मला म्हणाली नव्हती. मी पुढच्या दारानं उतरले होते. गाडीच्या नाकावर हात टेकून उभी राहिले. झाकण गरम होतं. माझ्या हाताखाली गाडी उचलली गेली. मागून, अलगद, एखाद्या म्हशीएवढं ओझं उतरावं तशी.

घराच्या लाकडी पायऱ्या करकरल्या. एक. मग दुसरी.

सिग्नेनं मान न वळवता अंग चोरून वाट दिली, जसं आपण पाहुण्याला देतो. मग तिनं दार लावून घेतलं. फोनवर दोघी येतोय म्हणून सांगितलं होतं. दोघं आत गेली होती.

मी पावसात धावले, पायऱ्या चढले. दार लागलेलं. आत नळ सुरू झाला, आतल्या कुठल्याशा खोलीतून अ‍ॅल्माचं अस्पष्ट काहीतरी बोलणं आलं, आणि स्वयंपाकघरातून सिग्नेचा मोकळा, आनंदी आवाज, “बर्नीताई, बसा तुम्ही. कॉफी टाकू ना?”

माझ्या घशातून ‘नको’ निघायच्या आत टेबलावर दोनदा ठोकलं गेलं. मऊ.

“बरं,” सिग्ने म्हणाली.

घाट उतरताना माणूस कमी होतं, असं मी मार्व्हाच्या वाक्याला माझ्याच मनानं शेपूट लावलं होतं. तितकी राहत नाहीत, एवढंच त्यातलं खरं निघालं. सबंध वाटभर मी कुणीतरी कमी व्हायची धास्ती घेतली होती.

मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. आतला नळ बंद झाला. पावलं वाजली ती दारापाशी येऊन थबकली, आणि सिग्ने हळू आवाजात, आत कुणाला तरी म्हणाली,

“आपण तर सगळे आत आहोत. मग बाहेर कोण?”